अर्जदारांचा महाराष्ट्र

२ एप्रिल १८७० रोजी पुण्यात जी सार्वजनिक सभा स्थापन झाली, तिच्या नियमांत एक कलम असे होते की, ज्या कोणास सभासद होण्याची इच्छा असेल त्याने आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार देणारे, निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र प्रथम हजर करावे. निमित्त पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीच्या असंतोषाचे होते. नगरातील चार वजनदार गृहस्थ एकत्र येऊन सरकारकडे गाऱ्हाणे घेऊन गेले असते तर ‘तुम्हांस बोलावयास कोणी सांगितले?’ हा सवाल साहेबाच्या ओठांवर तयारच असणार, हे गणेश वासुदेव जोशी यांच्यासारख्या कसलेल्या वकिलाने ओळखले होते, आणि त्या सवालाचे उत्तर सवाल येण्यापूर्वीच कागदावर उतरवून ठेवण्याची त्यांची ती तजवीज होती. अशा रीतीने सुमारे सहा हजार माणसांच्या सह्यांवर पंचाण्णव गृहस्थ सभेचे सभासद झाले. मताधिकार नावाची वस्तू या देशात अवतरण्यास अद्याप पुष्कळ अवकाश होता. ज्यांनी मत कधी दिले नव्हते त्या लोकांनी सही देऊन आपला प्रतिनिधी नेमावा, हा प्रयोग सदाशिव-नारायण पेठांच्या बोळांत घडला, आणि ‘सार्वजनिक काका’ हे त्या वकिलाचे नाव कायमचे होऊन बसले.

आज त्याच पुण्यात वेताळ टेकडीवरून रस्ता काढू नये, अशी विनंती ऑनलाइन फिरू लागली की चार दिवसांत तिच्याखाली हजारो नावे जमतात. नाव घालणाऱ्यास घराबाहेर पडावे लागत नाही, कोणाच्या ओसरीवर बसून मसुदा ऐकावा लागत नाही, आणि आपल्या आधी कोणी सही केली व आपल्यामागून कोण करणार याची पुसटशीही कल्पना त्यास असत नाही. ही सोय लहानसहान नव्हे, आणि तिची टवाळी करणाऱ्या वृद्धांच्या पंक्तीत बसण्याची माझी इच्छा नाही. परंतु अर्ज करून राज्यकर्त्यांस हलविण्याची जी जुनी परंपरा महाराष्ट्रात आहे, तिचा इतिहास पाहू गेल्यास एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते: अर्ज ज्याच्या नावे लिहिला जातो त्याच्यावर त्याचा परिणाम क्वचितच होतो, जो काही परिणाम होतो तो सही करणाऱ्यांवर होतो. नवे साधन कितपत उपकारक आहे याची परीक्षा करावयाची तर ती याच कसोटीवर करावी लागेल.

इंग्रजांच्या पूर्वी हा प्रकार नव्हता असे नाही. मराठी राज्यात वतनाचा वा हद्दीचा तंटा गोतसभेपुढे आला म्हणजे वादी-प्रतिवादी आपापली तकरीर लिहून देत, वतनाचा करीना सांगत, साक्षी होत, आणि शेवटी जो महजर तयार होई त्यावर हजर असलेल्या सर्वांची निशाणी पडे. ती निशाणी पाहण्याजोगी असे. पाटील नांगर काढी, शेट्या तराजू काढी, आणि ज्यास अक्षर म्हणून ठाऊक नाही असा बलुतेदार आपल्या हातातील हत्याराची आकृती काढून मोकळा होई. अशा कागदावर माणसाचे नाव आणि त्याचे गावातील स्थान ही दोन्ही एकाच खुणेत येत असत. त्या खुणेमुळे तो माणूस पुढे नामानिराळा राहू शकत नसे. मात्र या पद्धतीचे गोडवे गाताना हेही ध्यानात ठेवावे की, महजर हा निवाड्याचा कागद होता, मागणीचा नव्हे. मागणी करावयाची तर रयतेने हुजुरास जाऊन पायांवर डोके ठेवावे, विनंती करावी, आणि दाद न लागली तर अखेरचा उपाय म्हणून गुरेढोरे घेऊन गाव सोडावे व परमुलखात जाऊन बसावे. जमीन ओसाड पडली म्हणजे वसूल बुडे, आणि मग कमाविसदार कौल देऊन, सूट कबूल करून त्याच रयतेस परत बोलावी. ओस पडलेले गाव हाच त्या काळचा सर्वांत जोरकस अर्ज होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कंपनी सरकार आले आणि कागदाचे राज्य सुरू झाले. या नव्या राज्यात अर्जाचे सामर्थ्य किती व मर्यादा किती, याचा अनुभव रंगो बापूजी गुप्ते यांच्याइतका दुसऱ्या कोणास आला नसेल. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज १८३९ मध्ये पदच्युत झाले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी विलायतेस गेले आणि थोडीथोडकी नव्हे, तर सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये राहिले. कंपनीच्या भागीदारांच्या सभेत त्यांनी प्रकरण उभे करविले, छापील निवेदने वाटली, अनुकूल गोऱ्या गृहस्थांस हाताशी धरले. जे जे सनदशीर म्हणून होते ते ते केले. इकडे महाराज १८४७ मध्ये काशीस निवर्तले आणि पुढील वर्षी सातारचे राज्यच खालसा झाले. तरीही तो गृहस्थ अर्ज लिहीतच राहिला. रिकाम्या हाताने परत आल्यावर १८५७ च्या धामधुमीत साताऱ्यास जो कट झाला त्याचे सूत्रधारपण त्यांच्याकडे होते. त्यांच्या मुलास फाशी झाली, आणि ते स्वतः असे नाहीसे झाले की सरकारला अखेरपर्यंत सापडले नाहीत. आयुष्यातील उमेदीची वर्षे ज्याने नम्र निवेदनांत घालविली तो मनुष्य शेवटी बंडाकडे का वळला, याचे कोडे ज्यांना पडते त्यांनी ती चौदा वर्षे एकदा मनात मोजून पाहावी. माझ्या मते त्यांच्या अपयशाचे एक कारण असे होते की, ते एका माणसाचे अर्ज होते. महाराजांविषयी साताऱ्याच्या लोकांत प्रेम होते, परंतु त्या कागदांत लोक कोठेच नव्हते.

लोक प्रथम आले ते मुंबईत, आणि तेही प्रतिष्ठितांच्या रूपाने. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली; जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी, नौरोजी फर्दुनजी, दादाभाई ही मंडळी तिच्यात होती. कंपनीची सनद पुढील वर्षी नवी व्हावयाची असल्याने असोसिएशनने पार्लमेंटकडे अर्ज धाडला. कायदे करणाऱ्या मंडळात एतद्देशीयांस जागा द्यावी, राज्यकारभाराचा खर्च आटोपता घ्यावा, मोठ्या नोकऱ्यांची दारे उघडावी, शिक्षणाकडे लक्ष द्यावे, असा त्याचा एकंदर आशय होता. १८५३ च्या सनदी कायद्याने यांतील फारच थोडे पदरात टाकले. परंतु हिंदू, पारशी, मुसलमान असे निरनिराळ्या जातीधर्मांचे लोक एका मसुद्याखाली नावे घालतात, हे दृश्य मुंबईस नवीन होते.

सार्वजनिक सभेने ही कला पूर्णत्वास नेली. न्यायमूर्ती रानडे १८७१ मध्ये पुण्यास बदलून आले आणि सरकारी नोकर असूनही सभेच्या कामाचा आत्मा बनले. सारापद्धती, जंगलखाते, दुष्काळ, मिठावरील कर, संस्थानांचा कारभार, असा एकही विषय राहिला नाही की ज्यावर सभेने आकडे जमवून निवेदन केले नाही. हिंदुस्थानास पार्लमेंटात प्रतिनिधी असावेत, असा अर्ज १८७५ मध्ये हाऊस ऑफ कॉमन्सकडे गेला. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेची माणसे जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करीत होती. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले. रात्र-रात्र जागून तयार केलेल्या या निवेदनांवर सरकारचे उत्तर बहुधा दोन ओळींचे येई: पत्र पोचले, मजकूर ध्यानात घेतला. तरुण गोपाळराव गोखले हे काम रानड्यांच्या हाताखाली शिकत असता एकदा असल्याच कोरड्या उत्तराने वैतागले आणि या मेहनतीचा उपयोग काय, असे त्यांनी विचारले. त्यावर रानडे म्हणाले ते गोखल्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. त्याचा भावार्थ असा की, हे अर्ज नावाला तेवढे सरकारसाठी असतात. वस्तुतः ते आपल्या लोकांसाठी असतात, या विषयांवर विचार कसा करावा हे त्यांनी शिकावे म्हणून, आणि असले राजकारण या भूमीत अगदी नवे असल्याने त्याच्या फळाची अपेक्षा पुष्कळ वर्षे धरू नये. एवढा मोठा न्यायाधीश, ज्यास कागदाची किंमत पक्की ठाऊक, तो आपल्याच कागदाविषयी असे बोलतो यात मला विषाद दिसत नाही. शिक्षकाची चिकाटी तेवढी दिसते.

तथापि कोणते लोक, हा प्रश्न राहतोच. जोतीराव फुले यांनी सभेच्या सार्वजनिकपणावरच बोट ठेवले. जिच्यात कुणबी-माळी नावापुरते आणि महार-मांग मुळीच नाहीत, तिने सर्व जनांच्या नावे बोलावे कसे, हा त्यांचा आक्षेप कितीही तिखट असला तरी खोटा नव्हता. त्यांनी स्वतः १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात शेतकरी रयत कर भरते आणि शाळांचा लाभ वरच्या वर्गांस होतो, हे त्या सभासदांच्या मसुद्यांत सहसा न आढळणारे सत्य होते. आणि फुल्यांच्याच सत्यशोधक परिवारातून, माझ्या दृष्टीने मराठी मुलखातील सर्वांत महत्त्वाचा असा अर्ज पुढे आला.

१८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. कारखान्यांची चौकशी करण्यासाठी सरकारने कमिशन नेमले होते, आणि कमिशनपुढे मालकांची बाजू येणार, कामगारांची येणार नाही, हे उघड होते. सुमारे साडेपाच हजार कामगारांनी ज्या निवेदनास संमती दिली, त्यातील मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या साधेपणाने मन चरकते. आठवड्यास रविवारची एक सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास जेवावयास मिळावा. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत मजुरी चालू राहावी. एवढेच. यात घोषणा नाही, अलंकार नाही, आणि रानड्यांच्या निवेदनांसारखी आकड्यांची तटबंदीही नाही. दिवसाचे चौदा-चौदा तास यंत्राशी उभे राहणाऱ्याने जे मागितले ते तसेच लिहिले आहे. लोखंडे ‘दीनबंधू’ पत्र चालवीत असल्याने हे निवेदन छापून पुन्हा ज्यांनी ते केले त्यांच्याचकडे गेले. सह्या देणाऱ्यांत अक्षरओळख नसलेलेच बहुसंख्य असणार, त्यांना प्रत्येक कलम कोणी तरी वाचून दाखविले असणार, आणि अर्ध्या तासाची मागणी वाचली जात असता त्यांनी काय म्हटले असेल याची कल्पना ज्याने गिरणगाव पाहिले आहे त्यास सहज करता येईल. कमिशनने तात्काळ काही दिले नाही. परंतु माणसे पांगली नाहीत. पुन्हा सभा, पुन्हा अर्ज, असे सहा वर्षे चालले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांचा मेळावा भरला आणि त्यात दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली, आणि पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्याने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. आपण सर्वजण जो रविवार आपला जन्मसिद्ध हक्क समजून अंथरुणात लोळत काढतो, तो या अंगठेबहाद्दरांच्या अर्जाने मिळविलेला आहे.

यापेक्षाही लांब पल्ल्याची एक अर्जांची मालिका महार समाजाने चालविली. कंपनीच्या मुंबई फौजेत पिढ्यान् पिढ्या चाकरी केलेल्या या समाजाची लष्करभरती १८९० च्या सुमारास बंद करण्यात आली. दापोलीस राहणारे सेवानिवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी अनार्य दोष परिहार मंडळीच्या वतीने १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करण्याविषयी अर्ज तयार केला. त्यांच्या मागून पुण्याचे शिवराम जानबा कांबळे पुढे आले. १९०३ मध्ये सासवड येथे एक्कावन्न गावांच्या महारांची सभा त्यांनी भरविली, मुंबई सरकारकडे अर्ज गेला, तो नामंजूर झाला. १९१० मध्ये थेट विलायतेत भारतमंत्र्यांकडे दुसरा गेला. पहिल्या महायुद्धात माणसांची तूट पडली तेव्हा महारांची पलटण उभी राहिली, युद्धाची गरज संपताच १९२१ मध्ये मोडली, आणि दुसरे महायुद्ध आले तेव्हा, १९४१ मध्ये, महार रेजिमेंट अस्तित्वात आली. अर्जाने भरती सुरू झाली असे म्हणण्यास इतिहासाचा आधार नाही. ती युद्धाने सुरू केली. परंतु एक्कावन्न गावे सासवडास एकत्र बसली ती अर्जामुळे बसली, आणि पुढच्या पिढीत जी चळवळ उभी राहिली तिला सभा कशी बोलवावी, ठराव कसा करावा, हे शून्यापासून शिकावे लागले नाही.

सरकारलाही अर्जाचे हे दुसरे स्वरूप उमगले होते, याचा पुरावा १८९७ चा आहे. सार्वजनिक सभा तोवर टिळकांच्या हाती गेली होती. रानडे-गोखल्यांनी आदल्याच वर्षी डेक्कन सभा वेगळी काढली होती. दुष्काळ पडला तेव्हा सभेच्या माणसांनी गावोगाव फिरून रयतेस सांगितले की, पीक इतके आणे बुडाले तर सारा तहकूब करण्याचे सरकारचेच नियम आहेत. त्या नियमांचा मराठी सारांश छापून वाटला, आणि रयतेकडून अर्ज करविले. मार्च महिन्यात मुंबई सरकारने कळविले की, सार्वजनिक धोरणाविषयी सरकारला लिहिण्याचा कोणताही हक्क असलेली संस्था म्हणून या सभेस यापुढे मान्यता राहणार नाही. सत्तावीस वर्षे दोन ओळींची उत्तरे देणाऱ्या सरकारने ती दोन ओळींची उत्तरेही बंद केली. अर्ज मुंबईच्या सचिवालयाकडे जात होता तोवर कोणाचे बिघडले नव्हते. तो खेड्यातल्या चावडीवर वाचला जाऊ लागला, तेव्हा तो धोक्याचा ठरला.

स्वातंत्र्यानंतर रयतेचा नागरिक झाला, परंतु अर्ज काही सुटला नाही. संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येकास आपले गाऱ्हाणे संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत सादर करण्याचा हक्क दिला. विधिमंडळात विनंती अर्ज समिती आली, तहसील कचेरीत लोकशाही दिन आला, आणि प्रत्येक कार्यालयाच्या दाराशी बारनिशीचे टेबल आले, जेथे पोच म्हणून शिक्का मारून घेण्यासाठी अर्जदार दुसरी प्रत हातात घेऊन उभा राहतो. त्या शिक्क्यापलीकडे कागद कोठे जातो, कोणत्या मेजावर शेरा पडतो, कोणाची मखलाशी होते, हे कळण्याचा मार्ग महाराष्ट्रात २००२ च्या आणि देशात २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने प्रथमच उघडला. २०१५ च्या प्रजासत्ताकदिनी राज्य शासनाने ‘आपले सरकार’ हे ऑनलाइन तक्रारद्वार सुरू केले आणि एकवीस दिवसांत निवारणाचे वचन दिले. परंतु हा सारा एकट्याचा अर्ज होय: माझा रस्ता, माझा सातबारा, माझे निवृत्तिवेतन. पन्नासांच्या मुखत्यारपत्राचा वारसा सरकारी द्वाराने घेतला नाही. तो घेतला अमेरिकेत २००७ मध्ये सुरू झालेल्या चेंज डॉट ऑर्गसारख्या खाजगी संकेतस्थळांनी.

ही संधी येताच महाराष्ट्रातल्या शहरांनी ती उत्साहाने साधली. मुंबईच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा २०१५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील ढोबळ चुका नागरिकांनी एकमेकांस दाखविल्या, हरकतींचे नमुने ऑनलाइन फिरविले, आणि नगररचना कायद्याने दिलेल्या मुदतीत हरकतींचा असा काही पाऊस पाडला की, एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदाच बाजूस ठेवून नव्याने करण्याचा हुकूम दिला. हे यश अर्जाचे होते खरे, परंतु त्याच्यामागे कायद्याचा आधार होता, हे विसरू नये: प्रत्येक हरकत दाखल करून घेण्यास महापालिका बांधलेली होती. त्याच वसंतऋतूत इंटरनेटच्या समान वापराविषयी दूरसंचार प्राधिकरणाकडे दहा लाखांवर ई-पत्रे गेली. प्राधिकरणाने ती सगळी, पाठविणाऱ्यांच्या पत्त्यांसह, जगजाहीर केली. गिरणी कामगाराने निवेदनास संमती देताना मुकादमाची नजर पत्करली होती. या पत्रलेखकांस मात्र आपण काय पत्करीत आहोत याची कल्पनाच नव्हती.

आरे वसाहतीचे प्रकरण मी या नव्या परंपरेतील सर्वांत बोलके समजतो. भुयारी मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेची कारशेड गोरेगावच्या त्या हिरव्या टापूत नको, अशी ऑनलाइन विनंती २०१४-१५ पासून एकामागून एक निघत होती. पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणापुढे झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला तेव्हा ऐंशी हजारांच्या वर हरकती दाखल झाल्या. तरी २०१९ च्या ऑगस्टमध्ये प्राधिकरणाने परवानगी दिली. इतके दिवस ज्यांनी नुसती नावे घातली होती त्यांतील पुष्कळजण आता रविवारी आरेच्या रस्त्यावर हात धरून साखळीत उभे राहू लागले. ४ ऑक्टोबर रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. जमावबंदी लागली, एकोणतीसजणांना अटक झाली. तेव्हा कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिले. न्यायालयास सुट्टी असता विशेष खंडपीठ बसले आणि त्या पत्रासच याचिका मानून ७ तारखेस वृक्षतोड थांबविली. ऐंशी हजार हरकतींनी जे केले नाही ते एका पत्राने केले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तोवर दोन हजारांवर झाडे भुईसपाट झाली होती. पुढे सरकार बदलले, काम थांबले, जागा कांजूरमार्गास हलली. तेथे न्यायालयीन तंटा उभा राहिला. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदलले आणि कारशेड पुन्हा आरेस आली. २०२३ मध्ये आणखी १७७ झाडांच्या परवानगीबरोबरच सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो महामंडळास दहा लाखांचा दंडही केला. पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले ते ५ ऑक्टोबर २०२४ रोजी, झाडे पडली त्या रात्रीस पाच वर्षे पुरी होत असता. आता त्या गाडीने प्रवास करणाऱ्यांत त्या विनंतीखाली नाव घातलेले शेकडो असतील, आणि त्यात मला विसंगती दिसत नाही. त्यांचा विरोध गाडीला नव्हता, जागेला होता.

या प्रकरणात अर्ज हरला आणि अर्जदार मात्र तयार झाले. नगरसेवकाचे नाव ज्यांना ठाऊक नव्हते त्या तरुणांना वृक्ष प्राधिकरण म्हणजे काय, हरकतीची मुदत किती, सुनावणी कोठे होते, हे तोंडपाठ झाले. रानड्यांना जे अभिप्रेत होते ते इतक्या वर्षांनी, त्यांनी कल्पनाही न केलेल्या साधनाने घडले. म्हणूनच २०२० मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या मसुद्यावर देशभरातून पर्यावरण मंत्रालयाकडे सतरा लाखांच्या आसपास ई-पत्रे गेली, तेव्हा त्यांत याच शहरांचा हात होता. आणि ती पाठविण्यास मदत करणारी संकेतस्थळे काही काळ बंद पाडली गेली. त्यांपैकी एका विद्यार्थी संघटनेच्या संकेतस्थळाबाबत दिल्ली पोलिसांनी प्रथम दहशतवादविरोधी कायद्याचे कलम लावले आणि मागाहून चूक झाल्याचे सांगून ते काढून घेतले. १८९७ च्या पत्रात निदान कलम चुकले नव्हते.

परंतु सगळीच नावे आरेच्या रस्त्यावर येत नाहीत. ऑनलाइन विनंतीचा बहुसंख्य भाग असा असतो की, नाव घातले, मन हलके झाले, आणि दुसऱ्या दिवशी विषयही आठवत नाही. ब्रिटनमध्ये पार्लमेंटचे स्वतःचे विनंतीद्वार आहे: दहा हजार सह्या झाल्या की सरकारने उत्तर द्यावयाचे, एक लाख झाल्या की चर्चेचा विचार व्हावयाचा. ज्या पार्लमेंटाकडे जगन्नाथ शंकरशेट आणि सार्वजनिक काका यांच्या सभांनी अर्ज धाडले, तेथे आज आकड्यास काही अर्थ आहे. आपल्या विधिमंडळाने असा आकडा ठरविलेला नाही. एखाद्या कंपनीच्या दप्तरात पाच लाख सह्या जमल्या तरी मंत्रालयाच्या बारनिशीत त्या अर्जास नोंद मिळतेच असे नाही. तो कोणी तरी छापून, बांधून, दोन प्रतींत घेऊन जावा लागतो. अर्थात केवळ आकड्याने न्याय ठरतो असेही नव्हे. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या विधवाविवाहाच्या अर्जावर जेमतेम हजार सह्या होत्या आणि विरोधकांच्या अर्जांवर त्याच्या अनेक पट. तरी १८५६ चा कायदा झाला.

इतिहासाच्या अभ्यासकास आणखी एक चिंता आहे, ती धोरणाची नव्हे, दप्तराची. महजरावरील नांगर आणि तराजू आपल्याला दिसतात ते पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधून ठेवलेले असल्यामुळे. वलंगकरांचा आणि कांबळ्यांचा अर्ज अभ्यासता येतो तो कोणी कारकुनाने त्यावर क्रमांक घालून तो फडताळात ठेवल्यामुळे. महाराष्ट्राने २००५ मध्ये सार्वजनिक अभिलेखांचा कायदा केला, परंतु तो शासनाच्या कागदांना लागू आहे. आरेची, वेताळ टेकडीची, मुठेच्या पात्राची विनंती ज्या संकेतस्थळांवर आहे ती परदेशी व खाजगी आहेत, आणि त्यांनी उद्या दुकान आवरले तर त्या सह्या मागण्याचा हक्क पुराभिलेख संचालनालयास नाही. सार्वजनिक सभेने आपले अर्ज स्वतःच्या त्रैमासिकात छापून ठेवले. टेकडीसाठी व नदीसाठी झटणाऱ्या मंडळींनी निदान आपल्या विनंतीचा मसुदा, सह्यांची संख्या आणि आलेले उत्तर, मग ते दोन ओळींचे का असेना, छापून जवळच्या ग्रंथालयात एक प्रत द्यावी. त्यास फारसा खर्च येत नाही.